पोटखराबा

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर लागवडीलायक क्षेत्राच्या खाली एक ओळ असते: पोटखराबा. शेताच्या पोटात असलेली पण शेत नसलेली जमीन. खडक, उघडा माळ, ओघळ, टेकाडाची उतरण. तिला आकार बसत नाही, म्हणजे सरकार तिच्यावर सारा घेत नाही. आणि ज्या जमिनीवर सारा नाही, तिच्याकडे पुढे कुणी वळून बघत नाही. माझे आप्पा माण तालुक्यात तलाठी होते. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात.) निळ्या शाईतला त्यांच्या हातचा हा शब्द मी वाचायला शिकले तेव्हापासून पाहत आले. लहानपणी मला वाटायचं, त्या जमिनीचं पोट दुखतंय.

हा शब्द ज्या कचेरीला ठाऊकच नाही अशी कचेरी मी पहिल्यांदा पाहिली ती अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या चेस काउंटीत. (काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका किंवा जिल्हा.)

विचिटाला आम्हाला चौदा वर्षं झाली. या शहरात विमानं बनतात, आमचंही घर त्याच धंद्यामुळे इथे आलं. घराजवळून मेरिडियन अव्हेन्यू नावाचा लांबलचक रस्ता जातो. त्याचं नाव असं का, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. कॅन्सस आणि नेब्रास्काची सगळी जमीन ज्या रेषेपासून मोजली, ती सहावी प्रमुख मध्यान्हरेषा या रस्त्यावरून जाते. मी रोज ज्या सिग्नलला थांबते तिथून पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे शेकडो मैल जमिनीचे आकडे सुरू होतात. तलाठ्याच्या मुलीला ही गोष्ट कळायला इतकी वर्षं लागावीत याचं मला वाईट वाटलं.

सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी सुट्टी काढून मी एकटीच ईशान्येला निघाले. कॅसोडेला महामार्ग सोडला की कॅन्सस १७७ हा दोनपदरी रस्ता लागतो आणि थोड्याच मैलांत शेतं संपतात. कुंपणाच्या तारा आहेत, पण बांध नाही, नांगराची रेघ नाही, वस्ती नाही. झाडं असलीच तर खाली ओढ्याकाठी दाटलेली. वर टेकड्यांवर नुसतं गवत, छातीएवढं, कुठे डोक्यावर जाणारं, आणि त्या दिवसांत तांबूस झालेलं. वाऱ्याने ते एका बाजूला कलायचं तेव्हा रंग बदलायचा. गाडी कडेला घेऊन मी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. माणदेश सोडल्यावर इतकं आभाळ एका वेळी मी पाहिलं नव्हतं.

तारेजवळच्या एका काडीला शेंड्यावर तीन बोटं फुटली होती. इथले गुराखी त्या तुऱ्याला टर्कीचा पाय म्हणतात. गवताचं नाव बिग ब्लूस्टेम. मी फोटो काढून आप्पांना पाठवला. आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली, तरी लगेच फोन आला.

"मारवेल हाय का गं ह्यो? पर येवढा उच?"

मारवेल नव्हतं ते, पण आप्पांची नजर फारशी चुकली नव्हती. मारवेल आणि बिग ब्लूस्टेम एकाच कुळातली, आणि त्याच कुळात आपली ज्वारी येते, ऊसही येतो. आप्पांच्या माळावर जे गुडघ्याएवढं वाढतं, त्याचाच दूरचा भाऊबंद इथे माणसाएवढा वाढतो. त्याची मुळं दहा फुटांपर्यंत खाली जातात. म्हणजे या टेकड्यांवर जेवढं गवत दिसतं त्याहून जास्त गवत न दिसणारं आहे.

उत्तर अमेरिकेच्या मध्यावर असं उंच गवताचं रान एकेकाळी सुमारे १७ कोटी एकरांवर होतं. त्यातलं आज चार टक्केसुद्धा उरलेलं नाही, बाकी सगळ्यावर नांगर फिरून मका आणि सोयाबीन आलं. जे उरलंय त्यातलं बहुतेक या फ्लिंट हिल्समध्ये आहे आणि चेस काउंटी या टेकड्यांच्या अगदी काळजात बसली आहे. इथलं गवत कुणी दया येऊन राखलं नाही. ते दगडाने राखलं. या टेकड्या म्हणजे चुनखडक आणि शेल यांचे एकावर एक थर, आणि चुनखडकात जागोजाग चकमकीच्या दगडाच्या गाठी. चुना पावसाने विरघळतो, चकमक विरघळत नाही. मग ती मातीत तशीच धारदार पडून राहते, आणि नांगराचा फाळ तिच्यावर आपटला की फाळच तुटतो. झेब्युलन पाइक नावाचा लष्करी अधिकारी १८०६ मध्ये इथून गेला तेव्हाच त्याने आपल्या रोजनिशीत यांना चकमकीच्या टेकड्या म्हणून ठेवलं होतं. नंतर आलेल्या वसाहतवाल्यांनी नदीकाठच्या काळ्या मातीत शेती केली आणि वरचा भाग गुरांना सोडला.

आपल्या हिशोबाने, सगळी काउंटीच पोटखराबा.

मॅटफील्ड ग्रीन गेलं, मग बझार नावाचं इवलंसं गाव लागलं. नाव आपल्याच 'बाजार'चं, आणि एके काळी इथून रेल्वेने इतकी गुरं लादली जात की ते नाव खरंही होतं. आता मोजकी घरं आहेत. याच गावाजवळच्या कुरणात ३१ मार्च १९३१ रोजी एक प्रवासी विमान पडलं आणि नोट्र डेम विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्यासह आठ जण गेले. विमानाच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते माहीत असतं, म्हणून तिथे क्षणभर थांबले.

आणि मग कॉटनवुड फॉल्स. काउंटीचं मुख्य ठाणं. २०२० च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या ८५१. विटांनी बांधलेला रुंद रस्ता, त्याच्या उत्तर टोकाला कॉटनवुड नदी आणि दक्षिण टोकाला काउंटीचं कोर्टहाउस.

कोर्टहाउस म्हटलं की आपल्याला न्यायालय आठवतं. इथे तो अर्थ अर्धाच आहे. आपल्याकडच्या तहसील कचेरीत, दुय्यम निबंधकाकडे, ठाण्यात आणि न्यायालयात जे जे होतं, ते बरंचसं एका छपराखाली होतं. छप्पर तरी कसं! लाल, तुटक्या उताराचं, फ्रेंच धाटणीचं मॅन्सार्ड छप्पर, त्यावर लोखंडी नक्षीची कड आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. भिंती स्थानिक चुनखडकाच्या, सायसारख्या पिवळट. जॉन हॅस्केल नावाच्या वास्तुविशारदाने ती आखली. टोपेकातल्या राज्य विधिमंडळाच्या इमारतीचं कामही त्याच्याकडे होतं. १८७३ मध्ये ही इमारत पुरी झाली. कॅन्ससमध्ये अजूनही कामकाजात असलेलं याहून जुनं कोर्टहाउस नाही.

१८७० ला या काउंटीत सगळी मिळून जेमतेम दोन हजार माणसं होती. बरीच घरं लाकडी ओंडक्यांची असणार. आणि अशा लोकांनी चाळीस हजार डॉलरांहून जास्त खर्चून दगडी राजवाडा उभा केला, कागद ठेवायला. मला यात नुसती हौस दिसत नाही. जो माणूस कालच आला आहे, त्याला आपली जमीन आपली आहे हे सांगणारा कागद फार लागतो, आणि तो कागद आगीत जळणार नाही, पुरात भिजणार नाही अशी जागा लागते. रेल्वे नदीच्या पलीकडून गेली आणि तिकडे स्ट्राँग सिटी नावाचं दुसरं गाव वाढलं, तरी ठाणं इथून हललं नाही. पश्चिम कॅन्ससमध्ये ठाणं कोणत्या गावात असावं यावरून १८८० च्या दशकात गोळ्या चालल्या, माणसं मेली. इथे दगडाची इमारत आधीच उभी होती.

आत गेल्यावर जिना. नदीकाठच्या काळ्या अक्रोडाच्या लाकडाचा, वळत वळत तीन मजले चढणारा. कठडा दीडशे वर्षं हातांनी घासून घासून गुळगुळीत झाला आहे. पण मला जास्त ओढ लागली ती भिंतीची. या भागातल्या कॉटनवुड चुनखडकात तांदळाच्या दाण्यासारखे जीवाश्म खच्चून भरलेले असतात. पंचवीस कोटी वर्षांहूनही आधी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या एकपेशीय जिवांची ती कवचं. ज्या दगडाने नांगर अडवला, त्याच टेकड्यांमधून हा दगड निघाला आणि त्याची कचेरी झाली.

घरी येऊन मी आप्पांना सगळं सांगितलं. ते नुसतं "हं" म्हणाले. मग दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "तितलं दप्तार बगाय मिळंल का?"

पुढच्या एप्रिलात ते आणि आई आले. निवृत्तीला अठरा वर्षं झालेला, धोतर सोडून पँट घालायला नाखूश असलेला माणूस इतक्या लांबच्या प्रवासानंतर तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, चल कचेरीत.

जाताना मी त्यांना मोजणीचं सांगत होते. अमेरिकी काँग्रेसने १७८५ च्या कायद्याने ठरवलं की जमिनीचे सहा मैल लांब, सहा मैल रुंद असे चौकोन पाडायचे. अशा प्रत्येक चौकोनात छत्तीस तुकडे, प्रत्येक तुकडा एक चौरस मैल, म्हणजे ६४० एकर. आप्पांनी विचारलं, साखळी कितीची? गंटरची, ६६ फुटांची. एका मैलात ८० साखळ्या. ते काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आमची तेहतीस."

आपल्याकडची शंकू साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आमची साखळी त्यांच्या साखळीच्या नेमकी निम्मी. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात, म्हणजे आमच्यापासून फार लांब नाही, गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी जी मोजणी लावून दिली तिच्यावर आपला सातबारा उभा आहे. एकच माप दोन खंडांत फिरलं. फरक इतकाच की आपल्याकडे बांध आधी होते, मोजणीदार नंतर आला, म्हणून आपला गावनकाशा फुटलेल्या काचेसारखा दिसतो. इथे रेघा आधी मारल्या, माणसं मागून आली. म्हणून रस्ते सरळ, कुंपणं सरळ, काउंटीच्या सीमाही बहुतेक सरळ. कॅन्ससच्या राज्यघटनेत असं कलम आहे की नवी काउंटी करताना वा सीमा बदलताना ती ४३२ चौरस मैलांहून लहान होता कामा नये. हा आकडा मला आधी विचित्र वाटला होता. आप्पांनी तोंडी भागाकार केला: छत्तीस बारे चारशे बत्तीस. बारा चौकोन.

चेस काउंटी त्याहून बरीच मोठी, ७७८ चौरस मैल. मेरिडियन अव्हेन्यूच्या रेषेपासून पूर्वेकडे सहा-सहा मैलांचे पट्टे मोजले तर कॉटनवुड फॉल्स आठव्या पट्ट्यात येतं. म्हणजे माझ्या सिग्नलपासून आठवं.

रजिस्टर ऑफ डीड्स, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणारा इथला अधिकारी, निवडून येतो. काउंटी क्लार्क निवडून येतो, खजिनदार येतो, शेरीफ (इथला पोलीसप्रमुख) येतो, सरकारी वकीलही येतो. सगळ्यांची मुदत चार वर्षं. वर तीन कमिशनर, तेही निवडलेले. रस्ते-पूल, अंदाजपत्रक, कराचा दर हे सगळं त्यांच्या हाती, आणि त्यांच्या सभेत कुणीही जाऊन बसू शकतो. क्लार्क निवडणुका घेतो, खजिनदार मोटारींची नोंदणीही करतो. एवढं ऐकून आप्पांनी एकच विचारलं.

"ह्यांची बदली व्हत न्हाय?"

नाही होत. आप्पांच्या चौतीस वर्षांत अकरा सजे झाले. एका बदलीच्या वेळी माझी सहामाही चालू होती आणि मी सात किलोमीटर चालत परीक्षेला गेले होते. त्यांनी तेव्हा जे म्हटलं नाही, ते त्या प्रश्नात मला ऐकू आलं.

नोंदवह्या दाखवणाऱ्या बाईंना मी सांगितलं, हे माझे वडील, भारतात हेच काम करायचे. त्या उठल्या, त्यांनी आप्पांशी हात मिळवला आणि एक जाडजूड वही दोन्ही हातांनी काढून उतरत्या टेबलावर ठेवली. कुणीही मागावं आणि बघावं, शुल्क फक्त नकलेला. आप्पांनी चष्मा पुसला. इंग्रजी त्यांना बेताचंच, पण नोंदवही त्यांना वाचता येते, भाषा कुठलीही असो. कोणी दिलं, कोणी घेतलं, कधी, किती. बोट रकान्यांवरून फिरत होतं. तिरकी, लांब शेपटांची जुनी अक्षरं बघून ते म्हणाले, "टाक चांगला हाय गड्याचा."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "हितं पोटखराबा कुठं लावत्यात?"

मला भाषांतर करता येईना. मी बाईंना म्हटलं, जी जमीन पिकत नाही ती कुठे लिहिता? त्या गोंधळल्या. करआकारणीचं अप्रेझरकडे, म्हणजे जमिनीचं मूल्य ठरवणाऱ्याकडे असतं म्हणाल्या, आणि त्यांनीच एका कुरणाचा नमुन्याचा कागद मिळवून दिला. कॅन्ससमध्ये शेतजमिनीवरचा कर ती बाजारात कितीला विकली जाईल यावर नसतो, ती कसून वा चारून किती उत्पन्न देईल यावर असतो. त्यासाठी जमिनीचे प्रकार पाडलेले आहेत: बागायत, जिरायत, लावलेलं गवत. आणि चौथा प्रकार, नेटिव्ह ग्रास. देशी गवत. मातीचा प्रकार, एकर, मूल्य, सगळे आकडे त्यापुढे भरलेले.

आप्पांनी कागद जवळ धरला, लांब धरला.

"गवताला आकार हाय," ते म्हणाले.

त्या टेबलाजवळ ते नंतर फार बोलले नाहीत. बोलले ते संध्याकाळी, नदीवरच्या जुन्या कमानीच्या पुलावर बसून. ती गोष्ट मी आधी कधी ऐकली नव्हती.

एका सजात मोठा माळ होता. थोडा गायरान, बाकी दहा-बारा खातेदारांच्या नावावर, पण जवळजवळ सगळा पोटखराब्यात. पवन्या, मारवेल, कुसळ. पावसाळ्यात धनगरांची मेंढरं तिथे चरायची, आणि दिवाळीनंतर कळप घोड्यांवर बिऱ्हाडं लादून पश्चिमेला निघायचे. किती पिढ्या ते चालू होतं कुणाला माहीत. एकदा एक म्हातारा मेंढका चावडीवर आला आणि म्हणाला, भाऊसाहेब, आमी हितं चारतो एवढं कागदावर लिवा. आप्पांनी त्याला नमुने उघडून दाखवले. सातमध्ये मालक, बारामध्ये पीक. माळाच्या पुढे पीकपाहणीत फार तर 'गवतपड' लागायचं. मेंढरं कुठल्या रकान्यात लिहायची? म्हातारा म्हणाला, मग रकाना पाडा की. आप्पा म्हणाले, तो माझ्या हातात नाही.

पुढे पाणी आलं, यंत्रं आली. माळ सपाट झाला, त्यावर काळ्या प्लास्टिकचं शेततळं आणि डाळिंबाची बाग आली. ज्यांनी बाग केली त्यांना मी दोष देणार नाही. माणदेशात जन्मलेल्या कुणाच्याही तोंडून पाण्याविरुद्ध शब्द निघायचा नाही. पण मेंढरांची वाट बंद झाली तेव्हा कोर्टात दाखवायला म्हाताऱ्याच्या मुलांकडे काहीच नव्हतं. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं. त्यात ऱ्हास झालेली चराऊ कुरणं आणि झुडपांचे माळ पडीक जमिनीच्या वर्गांमध्येच मोजतात. गावच्या चावडीपासून दिल्लीपर्यंत दप्तराची भाषा एकच.

"म्या लिवलं त्ये नियमानंच लिवलं," आप्पा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पर त्यो म्हनला त्येबी बराबर हुतं."

मी त्यांना चेस काउंटीचं गुणगान गाऊन दाखवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण तसं ते नाही. मघाशी वहीत जी सर्वांत जुनी नोंद पाहिली ती अमेरिकी सरकारने दिलेल्या जमिनीची. त्याआधी जणू इथे काहीच नव्हतं. पण या गवतावर कान्सा, म्हणजे कॉ लोक आणि ओसेज लोक शिकार करत होते. राज्याचं नावच कान्सांवरून आलं. उत्तरेला लागून असलेल्या मॉरिस काउंटीत कॉ लोकांची शेवटची राखीव जमीन होती. जून १८७३ मध्ये त्यांना तिथून उठवून आजच्या ओक्लाहोमात चालत पाठवलं. त्याच वर्षी हे कोर्टहाउस पुरं झालं. इकडे इमारत पुरी होत आली होती तेव्हा शेजारच्या काउंटीतून ती माणसं निघत होती. मी हे आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान हलवली. ते म्हाताऱ्या मेंढक्याचाच विचार करत होते, हे मला न विचारता कळलं.

गवताने काउंटी भरलेली ठेवली, पण माणसांनी नाही. १९०० च्या सुमारास इथे आठ हजारांवर लोक होते, २०२० मध्ये २,५७२. गवतावर गुरं पोसायला फार हात लागत नाहीत. दक्षिणेकडून ट्रकने खोंड येतात, उन्हाळाभर चरतात, रोज किलोभर वजन चढवतात आणि जातात. बरेच मालकही बाहेरचे. मोठमोठी कुरणं थोड्या नावांवर. गावातल्या मुख्य रस्त्यावर आम्ही एका दुकानात चहा मागितला तेव्हा दुकानदारीण म्हणाली की तिच्या वर्गातली फक्त तीन माणसं आता काउंटीत आहेत. दोन-अडीच हजार माणसांनी पावणेआठशे चौरस मैलांचे रस्ते, पूल, शेरीफ, न्यायालय, दप्तर सांभाळायचं म्हणजे प्रत्येकाच्या खांद्यावर किती येतं! न्यायाधीश तर शेजारच्या लायन काउंटीबरोबर वाटून घेतलेले आहेत. तरी दिवे चालू आहेत, वह्या काढून दाखवणारं माणूस जागेवर आहे, घड्याळ बंद नाही. मला याचं अप्रूप वाटतं, आणि ते मी लपवत नाही.

सरकार आणि गवत यांचं नातंही इथे सरळ नाही. स्ट्राँग सिटीच्या उत्तरेला १९९६ पासून उंच गवताचं राष्ट्रीय संरक्षित रान आहे, १०,८९४ एकरांचं. जुन्या गुरेवाड्याचा दगडी वाडा आणि टेकडीवरची एकखोली शाळा, दोन्ही १८८० च्या दशकाच्या सुरुवातीची, तिथे अजून उभी आहेत. आता बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवेही आणले आहेत. पण इथल्या जमीनमालकांना वॉशिंग्टनचं राज्य आपल्या कुरणात नको होतं, कितीतरी वर्षं विरोध चालला. शेवटी कायद्यातच लिहिलं की केंद्राच्या मालकीची जमीन १८० एकरांवर जाणार नाही. बाकी जमीन एका खाजगी संस्थेची, राखण उद्यानखात्याची. हे ऐकून आप्पा मनापासून खूश झाले. अशी तडजोड कागदावर उतरवणारा कारकून कोण असेल, असं त्यांनी विचारलं.

आम्ही परत निघालो तेव्हा टेकड्या जळत होत्या. दर वसंतात इथे कुरणं मुद्दाम पेटवतात. जुनं वाळलेलं जळून जातं, झुडपं आणि सीडरची झाडं मागे हटतात, आणि दहा-पंधरा दिवसांत काळ्या जमिनीवर असं कोवळं हिरवं येतं की गुरं त्याच्यासाठी धावतात. पेटवण्याआधी शेरीफच्या कचेरीला फोन करून सांगायचं असतं, आज अमुक कुरण लावतोय. धूर विचिटापर्यंत येतो, त्याच्यावरून दरवर्षी बोलणीही होतात. अंधारात आगीची एक बारीक रेघ टेकडीच्या कण्यावरून चालत होती, दुसरी तिच्या खालून. कुठे आरडाओरडा नाही. दोन माणसं, एक पाण्याची टाकी लावलेली गाडी. आमच्याकडे वणवा म्हटलं की गाव धावतं. आप्पा गाडीतून उतरून तारेपाशी उभे राहिले. आई आतूनच म्हणाली, "अवो, धूर लागंल."

रस्त्याच्या कडेला जळून गेलेल्या पट्ट्यात चकमकीचे तुकडे पांढरट चमकत होते. आप्पांनी एक उचलला, खिशातला चाकू काढला आणि पात्याच्या पाठीने त्यावर दोनदा, तिसऱ्यांदा मारलं. ठिणगी पडली. त्यांच्या लहानपणी मेंढके चिलीम अशी पेटवायचे. दगड त्यांनी रुमालात बांधला.

ते जूनमध्ये परत गेले. सप्टेंबरात मी पुन्हा १७७ वर गेले आणि टर्कीच्या पायाचा फोटो पाठवला. या वेळी फोन आला नाही, उत्तरादाखल एक फोटो आला. जुन्या धाटणीची वही, पट्टीने आखलेले रकाने, निळी शाई. गावाच्या वरच्या अंगाला म्हसोबाच्या देवळामागे माळाचा एक तुकडा उरला आहे, त्याची नोंद. क्षेत्र: ० हेक्टर ८१ आर. पोटखराब्याच्या जागी त्यांनी स्वतः एक रकाना पाडलाय, त्यावर लिहिलंय 'देशी गवत', आणि खाली एकाखाली एक: पवन्या, मारवेल, कुसळ. शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द आहेत.

मेंढरं येतात.